तिसरा रकाना

‘मॅडम, तिसरा रकाना रिकामाच आलाय,’ असा संचिताचा निरोप सकाळी सव्वानऊला फोनवर आला. त्याच्या खाली, चार मिनिटं आधी आलेला, घरमालकांचा निरोप होता. तीस तारखेला सकाळी अकरापर्यंत चावी मिळाली तर बरं होईल, मुलगा एक तारखेला येतोय, रंगारी ठरलाय. दोन्ही निरोपांचा सूर एकच होता आणि दोन्हींच्या शेवटी हात जोडलेलं तेच पिवळं चित्र होतं. मी चहा केला, तो गार होऊ दिला आणि गारच प्याले. वर्तकनगरातल्या या दोन खोल्यांत मी एकोणीस वर्षं राहतेय. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा, घरमालक यायचे, मी पोहे करायचे, सह्या व्हायच्या. एकोणीस वर्षं पोहे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की हा आपला कुळाचारच आहे. माझं वय त्रेपन्न. लग्न केलं नाही, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण त्या सकाळी वाटलं, निदान भांडायला घरात कुणी असतं तर बरं झालं असतं.

संचिता ठाण्यात भाषांतराची कामं घेणाऱ्या एका कचेरीत आहे. मी त्यांना जपानीचं इंग्रजी करून देते. यंत्रांची माहितीपत्रकं, करारमदार, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना. या वेळचं काम वेगळं होतं. कुठल्याशा जपानी कंपनीच्या वकिलांना, राहत्या माणसांकडून जागा काढून घेताना जे शब्द लागतात त्यांचा तक्ता हवा होता. डावीकडे इंग्रजी, शेजारी जपानी, आणि त्याखालीच प्रत्येक शब्दाचा नेमका भाव काय ते दोन ओळींत. कोणाला उठवायचं आहे ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन रकाने मी तीन दिवसांत भरले. मग गिऱ्हाइकाचं म्हणणं आलं की वाचणारी माणसं इथलीच आहेत, तर तिसऱ्या रकान्यात मराठी पण टाका. टाका म्हणजे भाजीत मीठ टाकावं तसं. तेव्हापासून पाच दिवस तो रकाना माझ्यापुढे पांढराफटक होता.

इंग्रजांचा ‘इव्हिक्शन’ सरळ आहे. मूळ लॅटिनमधलं, पुरतं जिंकणं या अर्थाचं. कोणीतरी जिंकलं म्हणून कोणीतरी रस्त्यावर आलं. निदान लपवाछपवी नाही. लपवाछपवी पुढच्या शब्दांत आहे. ‘व्हेकंट अँड पीसफुल पझेशन’, म्हणजे रिकामा आणि शांततापूर्ण ताबा. शांतता नेमकी कोणाची, हे कुठल्या कोशात सापडत नाही. जपानीत ताचिनोकी. उभं राहायचं आणि बाजूला व्हायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात हाकलणारा दिसतच नाही. पंगतीतून माणूस आपणहून उठावा तसा उठतो आणि वाट देतो. आकेवाताशी त्याहून सभ्य, मोकळं करून हाती देणं. गेंजो काइफुकु म्हणजे जागा मूळ होती तशी करून देणं. आपले खिळे उपसा, आपले डाग पुसा, तुम्ही इथे कधी राहिलाच नव्हतात असं करून जा. ओइदाशी, हुसकून लावणं, हा त्यातला खरा शब्द, पण तो नोटिशीत सहसा येत नाही, शेजारणीच्या तोंडी येतो. मराठीत तरी शब्दांची काय वाण आहे? निष्कासन आहे, ते वाचणाऱ्याला कळत नाही. बेदखल आहे. हकालपट्टी आहे. गाशा गुंडाळणं, चंबूगबाळं आवरणं, बिऱ्हाड पाठीवर घेणं. सगळे मी कच्च्या कागदावर लिहिले आणि सगळे खोडले. कारण या विषयाचं मराठी मी लहानपणी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तो माणूस यातला एकही शब्द घरात उच्चारत नसे. माझे वडील, दामाजी, ठाण्याच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचा हुकूम घेऊन जायचं आणि लोकांना त्यांच्या घराबाहेर काढायचं, ही त्यांची नोकरी होती.

आणि त्याच आठवड्यात मलाही एका बाईला घराबाहेर काढायचं होतं. डोंबिवलीला, पश्चिमेकडे, खाडीच्या बाजूला वडिलांची एक खोली आहे. तीत एकतीस वर्षं विमलाबाई राहतात. जातीच्या कोळीण, माझ्या वडिलांनी आणून ठेवलेल्या. का आणून ठेवल्या ते आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आई जाऊन दोन. कल्याणला राहणारा माझा भाऊ दर्शन म्हणाला, ‘ताई, तुला घर नाही आणि आपली खोली तिसरंच कुणी वापरतंय, याला काही अर्थ आहे का?’ अर्थ नव्हताच. करार नाही, पावती नाही, बाईचा कायद्याने काही हक्क पोचत नाही, असं त्याच्या ओळखीच्या वकिलाने सांगितलं आणि पत्रही तयार करून दिलं. पत्राखाली विमलाबाईंची सही घ्यायची, सत्तावीस तारखेला खोली रिकामी करीन म्हणून. दर्शन स्वतः जाणार नव्हता. त्याचं म्हणणं, तुला भाषा येतात, तू नीट बोलशील. घरात एखाद्याला स्वयंपाक येतो म्हणून मयताच्या घरीही त्यालाच चुलीपाशी बसवतात, त्यातलं हे.

नीट बोलणं मी एकदाच ऐकलंय. तिशी यायची होती तेव्हा कंपनीने मला दीड वर्ष जपानला पाठवलं होतं आणि कावासाकीत एका म्हातारीच्या माडीवर मी राहत होते. एका रविवारी ती गोडाची पेटी घेऊन वर आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली की आपण उठून बाजूला होण्याची कृपा आमच्या पदरात पडेल का. घर पाडायचं होतं. हे सांगताना तिचं कपाळ चटईला टेकलं होतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मीच तिची क्षमा मागितली. ती गेल्यावर मी ते गोड खाल्लं, वाटाण्याच्या सारणाचं होतं, आणि शेवटच्या घासाला माझ्या लक्षात आलं की महिनाअखेरीला मला छप्पर नाही. तरीही तिचा राग आला नाही. राग येऊ नये म्हणूनच ती भाषा घडवली असावी. वर्षानुवर्षं मी हा किस्सा कौतुकाने सांगत आले. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं की म्हातारीला ते जमलं कारण ओझं तिने अलगद माझ्या डोक्यावर ठेवलं होतं.

त्याच दिवशी मी दुपारी बाराची डोंबिवलीची बस धरली. ऑक्टोबरचं ऊन होतं, खिडकीची कड हाताला चटका देत होती. पाण्याची बाटली भरून टेबलावर ठेवली होती ती तिथेच राहिली, हे मला कळव्याला आठवलं. मुंब्र्याच्या आधी बस थांबली, मग सरकली, मग पुन्हा थांबली. डोंगर एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये आम्ही. पिशवीत पत्र होतं. या रस्त्याने वडील सायकलवरून, एसटीतून, कधी पोलिसांच्या गाडीतून गेले असतील. लहानपणी आम्हाला त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की एक गोष्ट ठरलेली. मध्येच एखाद्या वस्तीपाशी ते म्हणायचे, ‘इथे नको थांबायला, इथलं आपलं पाणी तुटलंय.’ हा त्यांचा शब्द. ज्या घराचा ताबा घ्यायचा त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आमच्या जुन्नरकडच्या गावात म्हणत, ज्याचं पाणी प्यालं त्याच्या अंगणात काठी आपटू नये. त्यांची नोकरीच काठी आपटण्याची, तेव्हा त्यांनी पाणी सोडलं. ताबा झाल्यावर त्या आळीत कुठेच पाणी प्यायचे नाहीत, पुढे कधीच नाही. मोहन्यात दोन घरचं पाणी तुटलंय, मुंब्र्यात चार, कल्याणात मोजायला नको, असं ते सांगत. नकाशात नद्या दाखवतात तसं त्यांच्या डोक्यात हे न प्यायचं पाणी होतं.

कामाची बाकीची रीतही त्यांची ठरलेली. हुकूम वाचायच्या आधी चुलीकडे बघायचं. पेटती असेल तर बाईला म्हणायचं, उरका तुमचं, मी थांबतो. जळती चूल उचलायची नाही. सामानाची यादी करायची, तवा एक, पोळपाट एक, पाळणा एक. देव्हाऱ्याला मजुरांना हात लावू द्यायचा नाही, घरच्यांनाच न्यायला सांगायचं. मग कुलूप, मग त्यावर लाखेचा शिक्का. घरी आले की न बोलता मोरीत जायचे, पाय धुवायचे आणि तिथेच उभ्याने दोन तांबे पाणी प्यायचे. त्या पाण्याचा गटगट आवाज मला अजून आठवतो. आई म्हणायची, ‘आज कुणाचं तुटलं?’ ते गावाचं नाव सांगायचे, त्याहून जास्त काही नाही. आम्ही मुलं जेवायला बसायचो. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे तहानलेले घरी येतात.

शिळफाट्याला बस पाऊण तास उभी होती. घसा कोरडा पडला होता आणि त्यापेक्षा मन जास्त. शेजारची बाई बाटलीतून पाणी प्यायली, माझ्याकडे बघून तिने बाटली पुढेही केली, पण मी नको म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही. आईचा विचार चालला होता. डोंबिवलीची ती खोली आईची होती, असं मी अजूनही म्हणते. सतरा वर्षं ती कोर्टाच्या चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत राहिली, नळावर भांडली, संडासाच्या रांगेत उभी राहिली, कारण पुढे स्वतःची खोली होणार होती. झाली. तिने तिथे दूध उतू घातलं, गणपतीची तसबीर टांगली, पडद्यांना हिरवं कापड आणलं. सामान हलवायला चार दिवस होते आणि वडील एका संध्याकाळी येऊन म्हणाले की ती खोली आपण एका बाईला दिली. कोण बाई? कोळीण आहे. का दिली? त्यावर ते मोरीत गेले. पण त्या दिवशी ते पाणी प्याले नाहीत, हे मला आठवतंय, कारण आवाज आला नाही. पुढे वीस वर्षं ते जगले, आईने रोज विचारलं असेल आणि रोज ते गप्प बसले असतील. न सांगितलेल्या गोष्टीत माणूस आपल्या मनातलं भरतो. आईने काय भरलं ते तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण मासळीवालीच्या हाकेला ती दार लावून घ्यायची. निवृत्तीनंतर चाळ सुटली आणि ती दर्शनकडे कल्याणला राहिली, सुनेच्या घरात, शेवटपर्यंत पाहुणीसारखी. स्वयंपाकघरात डबा कुठे ठेवू असं विचारून ठेवायची. ते हिरवं कापड तिच्या पेटीत सापडलं, घडी न मोडलेलं. मला त्या कोळणीचा राग होता, वडिलांचा जास्त होता, आणि तो राग मी त्या दुपारी जपून नेत होते. एरवी माझ्याच्याने ते पत्र काढवलं नसतं.

खोली तळमजल्यावर आहे. दारातच सुपात जवळा पसरलेला होता आणि विमलाबाई त्यातला कचरा वेचत होती. शहात्तर-सत्त्याहत्तरची असेल. हातात हिरव्या बांगड्या नाहीत पण केस अजून घट्ट बांधलेले. वडिलांच्या दिवसांना ती आली होती, तेव्हा लांब उभी राहून गेली होती. त्यानंतर मी तिला पाहिलं नव्हतं. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, ‘उत्तरा ना? कपाल बापसाचा हाय.’ तिने सूप बाजूला सारलं, हात धुतले, खाटेवरची चादर झटकली, मला बसवलं आणि पंखा पाचावर केला. मग समोर जमिनीवर बसली. दर्शनची मुलं कशी आहेत विचारलं. वर्तकनगरला आता फार उंच इमारती झाल्या म्हणतात, खरं का, विचारलं. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, ओल्या फडक्याने गुंडाळलेला, आणि त्यावर स्टीलचा पेला उपडा. माठातून थेंब सुटत होते, खाली ठेवलेल्या ताटलीत पडत होते. मी त्याच्याकडे चार वेळा पाहिलं. तिनेही मला पाहताना पाहिलं. पण ती पाणी विचारेना.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. आमच्यात वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. कोळ्यांच्यात तर तांब्या हातात दिल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाहीत, एवढं मला माहीत होतं. एवढ्या उन्हातून आलेल्या बाईला कोरडं बसवून ठेवणं ही काही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हे. म्हणजे तिला कळलं होतं मी कशाला आलेय, आणि ती वैर दाखवत होती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सोपं झालं. मी पिशवीतून पत्र काढलं आणि तिला वाचता येत नसेल म्हणून मोठ्याने वाचू लागले. सदर जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा. दिनांक सत्तावीस रोजी वा तत्पूर्वी. कोणतीही हरकत वा तक्रार न करता. माझाच आवाज मला परका लागत होता, आणि घसा कोरडा असल्याने प्रत्येक जोडाक्षराला अडत होता. माझी जागा कशी सुटतेय, तेही मी सांगितलं. ते पत्रात नव्हतं.

तिने सगळं ऐकलं. मग बोटांवर मोजून विचारलं, ‘सत्तावीसला वार कंचा?’ मी रविवार म्हटलं. ‘बरा हाय. भाचा मोकला असतंय.’ एवढंच. ना रडणं, ना शिव्याशाप, ना जुने उपकार काढणं. तिने पेन मागितलं. आणि मी एवढा सांभाळून आणलेला राग आता कुठे ठेवावा ते मला कळेना. मी पेन दिलं नाही. मी म्हटलं की सही नंतर करा, आधी सांगा, माझ्या वडिलांनी ही खोली तुम्हाला का दिली. आईने वीस वर्षं विचारलं आणि तिला उत्तर मिळालं नाही. ती लोकांच्या घरात मेली. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की जेवण थांबायचं, एवढं तुम्हाला माहीत आहे का? आवाज चढला असावा, कारण शेजारच्या दारातली मुलगी डोकावून गेली.

विमलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे नाही, माठाकडे बघत होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दीर कोर्टात जिंकला होता, घर त्याच्या नावावर झालं होतं. हुकूम निघालाय हे तिला ठाऊक होतं, कधी बजावतील ते ठाऊक नव्हतं. वैशाखातली दुपार, कोळीवाड्यात सगळे झोपलेले, आणि एक माणूस सायकल हातात धरून, घर विचारायला कुणी सापडेना म्हणून, तिच्या दाराशी आला. उन्हाने नुसता लाल झालेला. म्हणाला, बाई, आधी पाणी दे. तिने दिलं. त्याने दोन तांबे संपवले, डोक्यावर ओतून घेतलं, मग खिशातून कागद काढून विचारलं की हे नाव कुणाचं, हे घर कुठलं.

‘घर माजाच हुता,’ ती म्हणाली. ‘तसा मी बोलले. तर तो खालीच बसला. मना बोलला, बाय, तू आदी सांगाला पायजे हुतास. मी बोलले, काय सांगाला? तानेल्याला नाव इचारून पानी देतान का?’

हुकूम त्याने बजावला. बजावल्यावाचून गत्यंतर नव्हतं, नोकरी होती. चूल थंड होईस्तोवर थांबला, यादी केली, कुलूप लावलं. आणि तिची भांडी रस्त्यावर असताना खिशातली दुसरी किल्ली काढून तिच्यापुढे धरली, डोंबिवलीच्या खोलीची. तिला वाटलं, सरकारच देतंय. बरेच दिवस तिला तसंच वाटत होतं.

मी खाटेची कड धरून बसले होते. वडिलांना आयुष्यात एकदा तहान आवरली नव्हती, एवढंच होतं ते. आईने मनात जे भरलं होतं त्यातलं काही नव्हतं. होतं ते इतकं साधं होतं की सांगितलं असतं तर ती कदाचित चिडून, रडून, शेवटी हसलीही असती. पण ते सांगणार कसे? दुसऱ्यांची घरं काढून घेणाऱ्या माणसाला एकच गोष्ट स्वतःची होती, तो नियम, आणि तोच हातून मोडला होता. त्याची भरपाई त्यांनी केली ती बायकोच्या खोलीने. तिला न विचारता. कोर्टाने निदान नोटीस तरी दिली असती. मला वडिलांची कीव आली आणि त्याच क्षणी इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

‘तुजी आय एकदा आयली हुती,’ विमलाबाई म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. खोली दिल्याला वर्ष झालं असेल. आई एकटी आली, दारात उभी राहिली, आत आली नाही. भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडे बघितलं. विमलाबाईने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि तसाच भरलेला परत दिला. काही न बोलता गेली. ‘तवाच मना कललं,’ विमलाबाई म्हणाली, ‘त्या बायने यो घर सोरला नाय. मी ऱ्हाते तिजे घरान. एक दिस कोनतरी येल. मंग तू आयलीस. म्हनून तुना पानी इचारला नाय गो. वायट नको मानू. तुजे बापसाचे हात मजे पान्यान बांदले. तुजे नको. तू मोकली ऱ्हा.’

तिने माझ्या मांडीवरचं पत्र आपणहून घेतलं, पेन घेतलं, चष्मा लावला आणि सही केली. अक्षरं एकेक करून, जाळ्याची गाठ मारावी तशी, ओढून घट्ट करत. मग पत्र माझ्या हातात दिलं. उभं राहायचं आणि बाजूला व्हायचं. ते तिने बसल्या जागी केलं होतं. माझ्या हाती सगळं होतं, सही होती, तारीख होती, आईची खोली होती. घरमालकांना तीस तारखेला चावी द्यायला आता काहीच हरकत नव्हती. मी उठायला हवं होतं. बाहेर कोपऱ्यावर दुकान होतं, तिथे थंड बाटली मिळाली असती, मग बस मिळाली असती, आणि घरी जाऊन कुठलातरी शब्द रकान्यात टाकून मोकळी झाले असते. एवढं सगळं मला बसल्या बसल्या दिसलं. आणि मला असं दिसलं की मीही मोरीत उभी राहून दोन तांबे पाणी पितेय, आणि कुणाचं तुटलं हे विचारायलाही घरात कुणी नाही.

मी उठले ती माठाकडे गेले. विमलाबाई म्हणाली, ‘नको पोरी. भायेर बाटली मिलते.’ तिचा आवाज पहिल्यांदा घाबरल्यासारखा आला. मी पेला सुलटा केला, माठात बुडवला आणि प्याले. पाणी गार होतं, त्याला माठाचा वास होता आणि थोडा सुक्या मासळीचा. दुसरा पेला भरून तोही प्याले. आईने पेला हातात धरून जे राखलं होतं आणि पुढे मरेपर्यंत सोडलं नव्हतं, ते मी दोन पेल्यांत घालवलं. मला तिची क्षमा मागावीशी वाटली, पण क्षमा मागायचं ठिकाण त्या खोलीत एकच होतं, तसबिरीखालची भिंत, आणि तिच्याकडे मी पाहू शकले नाही. सहीचं पत्र खाटेवर राहिलं होतं, पंख्याने उडू लागलं तसं विमलाबाईने त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

बाहेर कुणीतरी सुपातल्या जवळ्यावरून मांजर हाकललं. मग ती म्हणाली, ‘मंग तू आता जाशील कुठं?’

‘माहीत नाही,’ मी म्हणाले. ते खरंच माहीत नव्हतं.

ती खोलीभर नजर फिरवू लागली. खाट, कपाट, माळा, माठाची तिवई, दाराआडची जागा. प्रत्येक वस्तूवर तिची नजर थोडी थांबे आणि पुढे जाई. वडील ताब्याच्या वेळी यादी करताना असेच बघत असणार.

‘सामान किती हाय तुजा?’ तिने विचारलं.

‘पुस्तकंच जास्त,’ मी म्हणाले. ‘जड आहेत.’

‘तर खाटंखाली,’ ती म्हणाली. ‘मालो सरदीचा हाय.’